साठलेल्या फोटो प्रिंट्सना घर कसं शोधायचं: बडोद्यातल्या एका पलंगाखालची गोष्ट

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या कारेलीबागेतल्या तळमजल्यात शिरलं तेव्हा पलंगाखाली खोक्यांत माझ्या नऊशेच्या आसपास प्रिंट्स होत्या. वरची खोकी कामाला येणाऱ्या मावशींनी मला न विचारता उचलून माळ्यावर टाकली म्हणून वाचली, खालची दोन गेली. पाणी उतरल्यावर गच्चीवर दोऱ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी ओल्या प्रिंट्स लटकवत होते तर शेजारच्या भाभी वर आल्या, जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आ बधुं कोना माटे राख्युं छे?" हे सगळं कुणासाठी ठेवलंय. मला उत्तर सुचलंच नाही.

मी काही नावाजलेली फोटोग्राफर नाही. बँकेत नोकरी केली, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरले, बाथरूममध्ये डार्करूम करून घरच्यांच्या आंघोळी लांबवल्या आणि सलोनला, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांना, प्रिंट्स पाठवल्या. तीस वर्षं हे केलं की घरात काय साठतं ते या नादातल्या लोकांना माहितीय: टेस्ट प्रिंट्स, एकाच निगेटिव्हच्या चार चार कॉप्या, सलोनमधून परत आलेल्या बारा बाय पंधरा इंची प्रिंट्स, प्रदर्शन संपल्यावर घरी आलेली बंडलं. निगेटिव्ह आणि खरंच जपायच्या प्रिंट्स मी वेगळ्या ठेवल्या, त्यांचा विषय इथे नाही. इथे फक्त जास्तीच्या प्रिंट्स कुणाला, कशा द्यायच्या ते. मी गेलं दीड वर्ष हेच करतेय आणि बऱ्याच चुका केल्यात, त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहितेय.

आधी ओल्या प्रिंट्सचं दोन शब्दांत, कारण बडोद्यात हे कधीही लागेल. एकमेकींना चिकटलेल्या प्रिंट्स सुकल्यावर ओढायच्या नाहीत, वरचा चित्राचा थर (इमल्शन) निघून येतो. जुन्या ब्रोमाइड (डार्करूममधल्या ब्लॅक अँड व्हाइट कागदावरच्या) किंवा लॅबमध्ये केमिकलने धुतलेल्या प्रिंट्स असतील तर टबात स्वच्छ गार पाण्यात ठेवायच्या, सुटल्या की कोपऱ्याला चिमटा लावून सावलीत टांगायच्या, आणि हे दोन दिवसांच्या आत करायचं, नंतर बुरशी धरते. इंकजेट प्रिंटला मात्र पाण्यात घालू नका, शाई वाहून जाते.

चार ढीग

गादीवर जुनी चादर पसरा आणि चार ढीग करा. पहिला फाडायच्या प्रिंट्सचा. दुसरा ज्यात माणूस आहे आणि तो माणूस किंवा त्याचं गाव, गल्ली, घर सापडू शकतं अशांचा. तिसरा जागेचा, म्हणजे वाडे, दरवाजे, रस्ते, रेल्वे, दुकानं. चौथा नुसता छान दिसणाऱ्यांचा, सूर्यास्त, पक्षी, सूरसागर तळ्यात पडलेलं प्रतिबिंब वगैरे.

माझा नियम असा की दुसरा ढीग सगळ्यात आधी संपवायचा. आपण बहुतेकजण उलटं करतो, छान दिसणाऱ्या आधी वाटतो कारण त्या कुणीही घेतं, आणि माणसांच्या प्रिंट्स पडून राहतात. सूर्यास्त दहा वर्षांनीही कुणी घेईल. पण १९९३ साली ओट्यावर बसलेल्या आजींना ओळखणारी माणसं दरवर्षी कमी होत जातात, त्यामुळे घाई असली तर ती इथेच आहे.

पहिल्या ढिगाबद्दल मन घट्ट करा. आउट ऑफ फोकस, टेस्ट स्ट्रिप, बुरशीने खाल्लेल्या, फिक्सरचं रसायन नीट न धुतल्यामुळे पिवळे-तपकिरी डाग आलेल्या (हे डाग वाढतच जातात) आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या लाल पडलेल्या कलर प्रिंट्स. ही खराब प्रिंट कुणाची एकुलती एक असेल तर आधी स्कॅन करा, नाहीतर कात्री. पस्तीवाल्याला अख्ख्या देऊ नका. एक तर चकचकीत फोटोपेपरवर प्लास्टिकचा थर असतो, तो वर्तमानपत्राच्या रद्दीत चालत नाही, आमच्या पस्तीवाल्याने तर वजनातून बाजूलाच काढल्या. आणि दुसरं म्हणजे कुणाच्या तरी आईचा चेहरा कुठल्या गल्लीत फिरेल सांगता येत नाही, म्हणून चेहऱ्यावरूनच दोन तुकडे करायचे. पहिल्या दिवशी हात थरथरतो, तिसऱ्या दिवशी सवय होते.

नोंद, आणि मागे काय लिहायचं

प्रत्येक प्रिंटचा मोबाईलवर पुढून आणि मागून फोटो काढा, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही, नाहीतर ग्लॉसीवर चमक येते. ही नुसती आठवण आहे, स्कॅन नव्हे. पुढे कधी त्याच मापाची प्रिंट काढायची शक्यता असेल तर ३०० डीपीआयने स्कॅन करा, आठ बाय दहा असेल तर २४०० बाय ३००० पिक्सेल होतात, तेवढे पुरतात.

मग नंबर. मी एक्सेल केलं होतं, दोन आठवड्यांत सोडलं, आता शंभर पानी वही आहे: नंबर, माप, काय आहे, साल, कुणाला दिली, तारीख. वही पलंगावर मांडी घालून लिहिता येते हा तिचा मोठा फायदा.

मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलने, काचेवर किंवा फरशीवर प्रिंट पालथी ठेवून, आणि कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि चेहऱ्याच्या नेमकं मागे लिहिलं तर गालावर रेघ दिसते, माझ्या एका प्रिंटमध्ये नवरदेवाच्या कपाळावर "मांजलपूर" असं उलटं वाचता येतं. जुन्या जाड ब्रोमाइडवर पेन्सिल चांगली चालते. प्लास्टिक थराच्या कागदावर ती धरत नाही, तिथे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी कव्हरात मागे सरकवा किंवा लवकर सुकणारं परमनंट पेन वापरा आणि पूर्ण सुकेपर्यंत दुसरी प्रिंट वर ठेवू नका. सेलोटेप, फेविकॉल, स्टेपलर काहीही लावायचं नाही. सलोनची लेबलं आणि शिक्के मात्र काढू नका, प्रिंट कुठे कुठे फिरून आली ते त्यातच आहे.

काय लिहायचं? कोण, कुठे, साल, कुणी काढला, आणि "भेट प्रत". तुम्ही नंबर घातलेल्या एडिशनमध्ये, म्हणजे ठरावीकच प्रती काढून, प्रिंट्स विकत असाल तर हे दोन शब्द फार महत्त्वाचे, नाहीतर उद्या दहातली अकरावी बाजारात दिसली तर विकत घेणारा तुम्हालाच जाब विचारेल.

हक्काचं थोडक्यात

प्रिंट दिली म्हणजे कॉपीराइट दिला असं होत नाही. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर ते लेखी लागतं. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर फोटोलाही इतर चित्रांसारखीच मुदत आहे, काढणाऱ्याचं आयुष्य आणि पुढे ६० वर्षं. पण यात एक मेख आहे. कुणी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, म्हणजे लग्न, मुंज, पोर्ट्रेट, त्याचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर पैसे देणाऱ्याचा असतो, फोटोग्राफरचा नाही. त्यामुळे स्टुडिओवाल्यांनी गिऱ्हाइकांच्या जास्तीच्या कॉप्या तिसऱ्याला देऊ नयेत, ज्यांच्या आहेत त्यांनाच द्याव्यात. संस्थेला देताना मी दोन ओळींचं पत्र देते: या अमुक प्रिंट्स भेट देत आहे, भिंतीवर लावायला हरकत नाही, छापायच्या असतील तर आधी विचारा. एवढं पुरतं.

फोटोतल्या माणसांकडे

आता खरं काम. मी नव्वदच्या दशकात आणि नंतरही होळीनंतर छोटा उदेपूरकडच्या कवांटला, आदिवासींच्या गेरच्या मेळ्याला जायची. बडोद्यातले आम्ही फोटोवाले सगळेच जायचो, राठवा लोकांचा नाच, चांदीचे दागिने, मोरपिसांच्या टोप्या, सलोनमध्ये या प्रिंट्स हमखास लागायच्या. तीस वर्षांत त्यातली एकही प्रिंट फोटोतल्या माणसाला मिळाली नव्हती हे माझ्या लक्षात आलं तेव्हा खरं सांगते, लाज वाटली.

साठेक प्रिंट्स घेऊन मेळ्याला नाही तर साध्या हाटाच्या दिवशी गेले. हा पहिला धडा: मेळ्याच्या गर्दीत कुणी थांबत नाही, हाटाच्या दिवशी माणसं चहाला टेकतात. चहाच्या टपरीवर बाकावर दहा-बारा मांडल्या, सगळ्या नाही, सगळ्या मांडल्या की दुकान वाटतं. पहिला अर्धा तास नुसती पोरं जमली. मग एका बाईने गळ्यातल्या हासडीवरून ओळखलं, चेहरा नंतर बघितला. तिने प्रिंट उलटी केली, मागे दोन सलोनची लेबलं होती, हे काय म्हणाली, मी सांगितलं की हा फोटो हैदराबादला जाऊन आला, सर्टिफिकेट मिळालं. "पैसा आप्या?" पैसे दिले का. नाही म्हटलं, फी मीच भरली. ती इतकी हसली की शेजारच्या दोघी विचारायला आल्या काय झालं म्हणून.

आणि एका काकांनी भावाचा फोटो घेतला, दोन्ही हातांनी धरला, मग टपरीवाल्याकडे प्लास्टिकची पिशवी मागितली. छप्पर गळतं म्हणाले. तेव्हापासून मी एकही प्रिंट उघडी देत नाही. पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं स्टेशनरीच्या होलसेल दुकानात मापाप्रमाणे मिळतात, तीच घ्या. जाड वास येणारं पीव्हीसी नको, ते उन्हाळ्यात प्रिंटला चिकटतं. चिकट पानांचे अल्बमही नकोत.

त्या दिवशी साठातल्या एकवीस गेल्या. बाकीच्या परत आणल्या, टपरीवर ठेवून आले नाही. तिथल्या एका शाळामास्तरांना मोबाईलवर सगळे फोटो पाठवून ठेवले, त्यांच्याकडून अजून अधूनमधून निरोप येतो की अमका नंबर तमक्याचा आहे. असा एक स्थानिक माणूस सापडला की अर्धं काम झालं.

दोन गोष्टी जपा. फोटोतला माणूस गेलेला असू शकतो, म्हणून रस्त्यात एकदम हातात प्रिंट ठेवू नका, आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि लहान मुलांचे, दवाखान्यातले, भांडणातले, दारू प्यायलेले फोटो माणसाला एकट्याला गाठून द्या किंवा देऊच नका.

शहरात हे वेगळंच होतं. दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या ओट्यावरच्या आजींचा फोटो मी शोधत शोधत त्यांच्या नातसुनेकडे मांजलपूरला नेला. वाडा पडून तिथे कॉम्प्लेक्स झालेलं. तिने चहा केला, फोटो बघून डोळ्यांत पाणी आणलं आणि मग म्हणाली, "काकू, फारच सुंदर आहे, पण लावू कुठे? व्हॉट्सॅपवर पाठवाल का?" बारा बाय पंधरा, तीही सोळा बाय वीसच्या पुठ्ठ्यावर! टू बीएचकेमध्ये ते टेबलाएवढं. तिचं चुकलं नव्हतं. तेव्हा कळलं की नकार बऱ्याचदा फोटोला नसतो, मापाला असतो. आता मी आधी विचारते, आणि मोठी प्रिंट पुठ्ठ्याला चिकटलेली असेल तर ओढून न काढता पुठ्ठाच कटर आणि स्टीलच्या पट्टीने प्रिंटच्या कडेपर्यंत कापते. तेही मोठं वाटत असेल तर सरळ पाच बाय सातची नवी प्रिंट काढून देते, खर्च किरकोळ येतो, आणि ती फ्रिजवर, देवघराशेजारी, कुठेही राहते.

विचारायचा मेसेज छोटा ठेवा. माझा असा असतो: "नमस्कार, मी कारेलीबागेतून लिहितेय. १९९४ च्या गणपतीत तुमच्या गल्लीत मी फोटो काढले होते, सोबतच्या फोटोत तुमचे वडील आहेत असं समजलं. माझ्याकडे याची एक प्रिंट जास्त आहे, आठ बाय बारा इंच, पैसे वगैरे काही नाहीत. हवी असेल तर सांगा, नको असेल तरी हरकत नाही." शेवटचं वाक्य टाकाच. "पैसे नाहीत" हेही, नाहीतर लोकांना वाटतं काहीतरी विकायला आली.

जागांच्या प्रिंट्स

इथे नियम असा की ज्याने तिथे आयुष्य काढलं त्याला द्या. माझ्याकडे डभोईच्या नॅरोगेजच्या चाळीसेक प्रिंट्स होत्या. डभोई-मियागाम ही लाईन गायकवाडांनी १८६२ साली सुरू केली, तेव्हा डबे बैल ओढायचे. आता बरीचशी लाईन ब्रॉडगेज झाली. त्या प्रिंट्स मी प्रतापनगरच्या एका रिटायर्ड गार्डसाहेबांकडे नेल्या, त्यांनी संध्याकाळभर बसून प्रत्येकीमागे पेन्सिलने स्टेशन, शेड, इंजिन असं लिहून दिलं, मी "छोटी गाडी" म्हणत होते ते झेडडीएम-५ डिझेल निघालं. दहा त्यांनी ठेवल्या. त्यांनी नावं घातलेल्या तीस आता कुठल्याही संग्रहाला देण्यालायक झाल्या, आधी त्या नुसत्या गाडीच्या होत्या. म्हणून जागांच्या प्रिंट्स आधी जाणकाराला दाखवा, मग संस्थेला.

जुन्या शहरातल्या मांडवी, लहेरीपुरा, पाणीगेटच्या प्रिंट्स तिथल्याच जुन्या दुकानदारांनी आनंदाने घेतल्या, स्वतःची पाटी फोटोत असली की विचारायलाच नको. एका फाफडेवाल्याने गल्ल्यामागे लावली. त्याला सांगितलं तळणीपासून लांब लाव, त्याने मान डोलावली, लावली तिथेच.

भिंती, कॉलेज, म्युझियम

चौथ्या ढिगासाठी दवाखाने, वृद्धाश्रम, वाचनालयं, शाळा. इथे माझी मोठी चूक झाली. एका संस्थेला, नाव घेत नाही, मी पन्नास प्रिंट्स एकदम दिल्या, सत्कार झाला, नारळ मिळाला. आठ महिन्यांनी गेले तर बंडल वॉटर कूलरशेजारी, त्यावर पाण्याचे रिकामे जग. दोष त्यांचा होता तसाच माझाही, भिंत कुणी बघितलीच नव्हती. आता आधी भिंत बघते, मोजते, खिळे कोण मारणार ते विचारते, आणि भिंत जेवढी तेवढ्याच देते, सहा तर सहा. फ्रेम करूनच द्या. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावा म्हणजे भिंतीपासून बोटभर सुटी राहते, पावसाळ्यात ओल धरत नाही. पश्चिमेच्या उन्हाची भिंत असेल तर नको म्हणा. जिथे गर्दी, धक्काबुक्की तिथे काच न लावता सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पाटीवर) लावलेली प्रिंट द्या, ती खराब होणार हे धरूनच.

फाइन आर्ट्सच्या मुलांना विसरू नका. एम. एस. युनिव्हर्सिटीची ही फॅकल्टी १९५० पासूनची, शहरात आर्टिस्टांची कमी नाही, आणि प्रिंटमेकिंगवाल्या मुलांना जुना ब्रोमाइड कागद, टेस्ट प्रिंट्स, अर्धवट उजळलेले तुकडे सगळं हवं असतं. पण ते कापतील, रंगवतील, चिकटवतील. चालणार असेल तरच द्या आणि दिल्यावर तक्रार करू नका. मी ज्यात ओळखीचे चेहरे नाहीत अशाच दिल्या. एका मुलीने माझ्या सूरसागराच्या पट्ट्या कापून त्यांची विणलेली चटई केली, माझ्या मूळ फोटोपेक्षा बरी दिसते.

म्युझियम आणि आर्काइव्हबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो, माझाही होता, की आपलं सगळं तिथे जावं. आपल्या शहरातले चित्रकार-फोटोग्राफर ज्योती भट्ट, त्यांचा संग्रह बेंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीकडे आहे, हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने त्यांचे फोटो आणि कागदपत्रं स्कॅन करून ऑनलाईन ठेवलीत. पण ते आयुष्यभर एका विषयामागे लागून केलेलं काम आहे, खेड्यापाड्यातल्या लोककलांचं. संग्रहालयाला आपल्या सुट्या जास्तीच्या प्रिंट्स नको असतात, एका विषयाचा सलग संच हवा असतो, नोंदींसकट, जमलं तर निगेटिव्हसकट. कमाटीबागेतलं असो की दुसरं कुठलं, पिशवी घेऊन दारात उभं राहू नका. आधी एक पानी पत्र, यादी, आणि दहा नमुने ईमेलने. उत्तर यायला महिने लागतात, तोवर प्रिंट्स घरातच नीट ठेवा, डांबराच्या गोळ्या न टाकता, जमिनीपासून निदान कमरेएवढ्या उंचीवर. का ते बडोदेकरांना सांगायला नको.

पाठवताना

गुंडाळून नळीत घालू नका, जुना जाड कागद तडकतो. दोन कोरुगेटेड पुठ्ठे प्रिंटपेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं मोठे कापा, एकाच्या रेघा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे ठेवा म्हणजे पाकीट वाकत नाही. मधे पाकिटातली प्रिंट, कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोण, टेप फक्त पुठ्ठ्याला. बारा बाय अठराची जाड प्रिंट ३५ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे तीस प्रिंट्स किलोभर, आणि दोन्ही पुठ्ठ्यांचं वजन वेगळं. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच मिसळलंय, त्यामुळे स्पीड पोस्टच करा, आणि ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हातात पडायला हवं असेल तर काउंटरवर रजिस्ट्रेशन जोडून मागा. "वाकवू नका" मराठीत, गुजरातीत, हिंदीत लिहून बघितलंय, पुठ्ठ्याचाच जास्त उपयोग होतो.

दीड वर्षात, वाचलेल्या साडेसहाशेतल्या ११० उरल्यात. कवांटच्या एकोणतीस त्यातच आहेत, मास्तरांचा निरोप आला की एकेक कमी होते. शेजारच्या भाभींनाही मी एक दिली, त्यांच्याच गच्चीवरच्या पतंगांची, उत्तरायणाची, १९९८ ची. कोपऱ्यात त्यांच्या सासूबाई फिरकी धरून उभ्या आहेत हे मला माहीतच नव्हतं, त्यांनी दाखवलं. वहीत त्या नंबरापुढे "पतंग" लिहिलं होतं, ते खोडून सासूबाईंचं नाव लिहिलं.